कावीळ : पथ्याची गोष्ट आणि पाण्याचा इतिहास

आमच्या आजोळी भजी होत नसत. पाऊस कितीही लागून राहो, पाहुणे कोणीही येवोत, कढईत कांद्याची भजी पडत नसत. कारण कोणी सांगत नसे आणि आम्ही मुलेही विचारत नसू. ते मला फार उशिरा कळले. १९७९ च्या मे महिन्यात माझी धाकटी मावशी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जूनअखेर, आठव्या महिन्यात, तिला कावीळ झाली आणि नऊ दिवसांत ती गेली. पोटातले मूलही गेले. डोळे पिवळे दिसण्याच्या चार दिवस आधी तिने भज्यांचा हट्ट धरला होता. डोहाळे मोडू नयेत म्हणून आजीने तो पुरवला होता. पुढची सव्वीस वर्षे, स्वतःचे डोळे मिटेपर्यंत, आजी हेच मानत राहिली की लेकीला आपण भजी खाऊ घालून मारले.

मी डॉक्टर नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी उमेद गेली. इतिहास वाचायची खोड लागली ती गावच्या वाचनालयातून, आणि जुने कागद चाळण्याची सवय नोकरीतून. खतावणीत एक आकडा जुळत नसेल तर तो सापडेपर्यंत झोप येत नाही, तसे माझे या मृत्यूबाबत झाले. नऊ दिवसांत माणूस नेणारी कावीळ कोणती? त्याच उन्हाळ्यानंतर आमच्या गल्लीतले आणखी दहा-अकरा जण पिवळे पडले होते, ते सगळे बरे झाले; मग हीच का गेली? आणि भज्यांचा यात खरोखर किती हात? या तीन प्रश्नांमागे जाताना काविळीचा जो इतिहास हाती लागला, तो इथे मांडतो आहे.

खूण आणि रोग

पहिली गोष्ट ही की कावीळ हा रोगच नव्हे, ती खूण आहे. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या लाल द्रव्यापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते उचलते, पाण्यात विरघळेल असे करते आणि पित्तातून आतड्यात सोडते. शौचाला जो रंग असतो तो याचाच. या वाटेत कुठेही अडले की पिवळे द्रव्य रक्तात साचते आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, मग कातडीत दिसू लागते. अडण्याची ठिकाणे तीन. तांबड्या पेशी फाजील प्रमाणात मोडत असतील तर यकृताआधीच. यकृताला सूज असेल तर यकृतात. आणि पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असेल तर यकृतानंतर. तिन्हींचे डोळे सारखेच पिवळे, उपचार मात्र निराळे. म्हणून ‘काविळीवर औषध’ हा शब्दप्रयोगच मुळात अर्धवट आहे. कोणत्या काविळीवर, हे आधी ठरावे लागते.

हा भेद आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायातच ‘कामला’ येते. आपली ‘कावीळ’ ही तिचीच लेक. तिथे पिवळे डोळे, पिवळी नखे आणि गडद मूत्र यांचे वर्णन आहे. त्यापुढे जाऊन, पित्ताची वाट अडलेल्या रुग्णाचा मल वाटलेल्या तिळासारखा फिकट होतो, असेही नोंदले आहे. पित्तनलिका बंद झालेल्या रुग्णाबद्दल आजचा डॉक्टर हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतो. त्याहून जुना अथर्ववेद. त्याच्या पहिल्या कांडात रुग्णाचा पिवळेपणा पोपटांकडे आणि इतर पाखरांकडे पाठवून देणारे सूक्त आहे. म्हणजे एकीकडे बारकाईने पाहणारा डोळा, दुसरीकडे रंगाने रंग काढण्याची कल्पना. या दोन्ही वाटा आपल्या घराघरांतून आजही चालू आहेत. काविळीच्या घरात हळद बंद होते ती दुसऱ्या वाटेने.

माळ का वाढते?

मावशीच्या गळ्यात माळ होती. आमच्या भागात काविळीची माळ देणारी माणसे असत. कुठल्याशा वनस्पतीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधून केलेली ही माळ डोक्यावर ठेवायची. रोज ती थोडी मोठी होते, डोक्यावरून गळ्यात उतरते, मग छातीवर येते. जसजशी माळ वाढते तसतशी कावीळ उतरते, असा विश्वास. काही वर्षांपूर्वी मी अशी एक माळ मिळवली आणि माणसाऐवजी भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. आठ दिवसांत खुंटीचीही कावीळ उतरली! ओल्या काड्या वाळून आक्रसतात, त्यांच्याभोवतीचे दोऱ्याचे वेढे सैल होतात आणि दोरा तेवढा लांब होतो. चुन्याच्या निवळीने हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवणारे लोकही असतात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला की चुन्याशी गाठ पडताच पाणी पिवळे होते. काविळीची गरज नसते.

हे लिहिताना टिंगल करण्याचा हेतू नाही. या माळांवर लोकांचा विश्वास बसला त्याला सबळ कारण होते : बहुतेक माणसे खरोखरच बरी होत. साथीत येणारी विषाणूंची कावीळ चार ते सहा आठवड्यांत आपली आपण उतरते. माळ छातीवर येईपर्यंत यकृत स्वतःला सावरून घेते आणि श्रेय माळेला जाते. पथ्याचेही तसेच. तेलकट खाल्ले की मळमळते, म्हणून ते टाळणे शहाणपणाचे. दारू तर वर्ज्यच. पण तेलाच्या घासाने साथीची कावीळ होत नाही. तेलकट-तिखटाचा कडक बंदोबस्त केला आणि रोगी बरा झाला, तर पथ्य पाळले म्हणून. रोगी गेला, तर पथ्य मोडले म्हणून. या हिशेबात पथ्य कधीच खोटे ठरत नाही. खोटे ठरते ते सांभाळणारे माणूस, आणि ते बहुधा घरातली बाई असते.

दिल्ली, नोव्हेंबर १९५५

मावशीच्या मृत्यूचा धागा मला सापडला तो आमच्या गावापासून फार दूर, यमुनेच्या काठी.

१९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. तो ओसरल्यावर नदीचा प्रवाह सरकला. दिल्लीचे पिण्याचे पाणी वजिराबादला नदीतून उचलले जाई. शहराची घाण वाहून आणणारा नजफगडचा नाला त्या जागेच्या खालच्या अंगाला नदीला मिळत असे. प्रवाह सरकल्यामुळे नोव्हेंबरात नाल्याचे पाणी उलटे चढून थेट पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या हे लक्षात आले नाही असे नाही. त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली, बांध घालून नाल्याचे पाणी रोखायचा प्रयत्न केला. शहरात विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. संकट टळले असे वाटण्यासारखीच परिस्थिती होती.

डिसेंबर उजाडला आणि दिल्ली पिवळी पडू लागली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले असा अंदाज डॉ. आर. विश्वनाथन यांच्या पाहणीत निघाला. ती पाहणी १९५७ साली प्रसिद्ध झाली आणि पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा जगातला नमुनेदार दाखला म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली. तिने दोन गोष्टी शिकवल्या. जंतू मारायला पुरलेले क्लोरीन या काविळीच्या विषाणूला पुरले नव्हते. आणि घाण पाणी पिणे व डोळे पिवळे होणे यांत पाच-सहा आठवड्यांचे अंतर होते.

पाहणीत तिसरीही एक नोंद होती. एकूण रुग्णांत मरणारे शंभरात एकाच्या आसपास होते, पण गरोदर स्त्रियांत ते प्रमाण दहाच्या घरात होते. ही नोंद वाचली त्या दिवशी मी वाचनालयातून उठून बाहेर आलो आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिलो.

जुन्या रक्ताची साक्ष

पुढची पंचवीस वर्षे दिल्लीची साथ ‘हिपॅटायटिस ए’ची मानली गेली. दरम्यान विज्ञान पुढे सरकत होते. रक्तातून पसरणाऱ्या ‘बी’ काविळीचा माग ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात लागला आणि १९७६ साली त्यांना नोबेल मिळाले. ‘ए’चा विषाणू १९७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. मग रक्त तपासून संसर्ग ताजा की जुना हे सांगता येऊ लागले, कारण शरीर नव्या शत्रूविरुद्ध आधी एक प्रकारची प्रतिपिंडे करते आणि आयुष्यभर जपून ठेवते ती दुसरी.

आपल्याकडे ‘ए’ची लागण बहुतेकांना लहानपणीच होऊन जाई. पोराला दोन दिवस कणकण येते, डोळे पिवळेही होत नाहीत आणि जन्माची प्रतिकारशक्ती मिळते. मग दिल्लीत तरणीताठी माणसे हजारोंनी आजारी पडली ती कशी? १९५२ साली पुण्यात स्थापन झालेले व्हायरस रिसर्च सेंटर १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. त्या वेळी तिच्या संचालक होत्या डॉ. खोरशेद पावरी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्तद्रव पुन्हा तपासले, सोबत १९७५-७६ च्या अहमदाबादच्या साथीतले नमुनेही. निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला : ‘ए’ची जुनी खूण होती, ताजी नव्हती. ‘बी’नेही साथीचा उलगडा होत नव्हता. गुन्हेगार तिसराच होता आणि त्याला अजून नाव नव्हते.

त्याच वर्षी काश्मीरमधून दुसरी साक्ष आली. नोव्हेंबर १९७८ पासून खोऱ्यातल्या खेड्यांत काविळीची साथ पसरली होती. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे तरुण डॉक्टर गावोगाव हिंडून रुग्ण मोजत होते, पाण्याचे झरे-ओढे पाहत होते, रक्ताचे नमुने जपत होते. त्यांनाही तेच आढळले : ना ‘ए’, ना ‘बी’, आणि गरोदर स्त्रियांचे मृत्यू विलक्षण जास्त. त्या आणि पाठोपाठच्या लाटांत सुमारे ५२,००० रुग्ण आणि १,७०० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

विषाणू प्रत्यक्ष दिसला तो मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांना. ‘ए’ची प्रतिकारशक्ती आपल्यात आधीच आहे याची खात्री करून त्यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला. त्यांना कावीळ झाली. मग स्वतःच्याच विष्ठेत त्यांना विषाणूचे कण सापडले. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. १९९० मध्ये अमेरिकेत या विषाणूच्या जनुकीय द्रव्याची ओळख पटली आणि नाव रूढ झाले, हिपॅटायटिस ‘ई’. पुण्याच्या संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षे या विषाणूचा माग काढला. भारतातल्या पाण्यातून येणाऱ्या मोठ्या साथी बहुतांशी याच्याच आहेत, हे त्यातून पक्के झाले.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. असे का, याचा उलगडा शास्त्राला अजून पुरता झालेला नाही. पण धोक्याच्या खुणा ठाऊक आहेत : कावीळ झालेले माणूस गुंगीत जाऊ लागले, बरळू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर ते यकृत हार खात असल्याचे लक्षण, आणि मग एक तासही घरी घालवायचा नसतो. गरोदर बाईचे तर डोळे पिवळे दिसताच इस्पितळ गाठायचे. मावशी सहाव्या दिवशी बरळू लागली तेव्हा घरात दृष्ट काढली गेली होती.

नळ बंद असताना

दिल्लीला नाला उलटा फिरला, ते मोठे आणि डोळ्यांना दिसणारे कारण. आपल्या गावांत घडते ते छोटे आणि जमिनीखाली. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी सुटते तेव्हा नळीत दाब असतो आणि गळक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, आत ओढ निर्माण होते आणि तोच सांधा बाहेरचे आत खेचू लागतो. शेजारून गटार वाहत असेल तर गटाराचेच. पुढच्या पाळीला पहिल्या धारेबरोबर ते घराघरांत पोहोचते.

इथे विषाणूचा संथपणा त्याला वाचवतो. पाच-सहा आठवड्यांनी रुग्ण दिसू लागतात आणि पाण्याचे नमुने घ्यायला माणसे येतात, तोवर नळीतले ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. नमुना स्वच्छ निघतो. मग शोध सुरू होतो उसाच्या रसाचा, पाणीपुरीचा, भज्यांचा. त्यांतूनही संसर्ग होऊ शकतो हे खरे, पण एका गल्लीत ओळीने माणसे पिवळी पडतात तेव्हा बोट आधी नळाकडे जायला हवे. १९८१ साली कोल्हापुरात पाण्यातून काविळीची साथ आली, २०१२ साली इचलकरंजीत ‘ई’ने बळी घेतले. मधल्या तीस वर्षांत विषाणूला नाव मिळाले, चाचण्या मिळाल्या. नळ आणि गटार मात्र एकाच चरातून चालत राहिले.

उपाय साधे आहेत, म्हणूनच बहुधा ते मागे पडतात. पाणी खळखळून उकळले की ‘ए’ आणि ‘ई’ दोन्ही मरतात. क्लोरीन टोकाच्या नळाशी शिल्लक आहे का हे रोज पाहायचे असते, केवळ टाकीपाशी नव्हे. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवायचे. ‘ए’ आणि ‘बी’च्या लसी आपल्याकडे मिळतात. ‘ई’ची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली, आपल्या नित्याच्या लसीकरणात ती नाही. तोवर गरोदर बाईसाठी तरी पाणी उकळलेच पाहिजे, एवढे प्रत्येक सासरी-माहेरी ठाऊक असावे.

आजोबांची रोजनिशी

आमच्या गावच्या त्या साथीचे सरकारी कागद मला मिळाले नाहीत. ‘वाळवीने खाल्ले’ एवढेच उत्तर मिळाले. मिळाली ती आजोबांची रोजनिशी. आजोबा शाळामास्तर, निवृत्तीनंतरही वेळापत्रकाने जगणारे. नळ किती वाजता आला, किती वाजता गेला, हे ते रोज लिहीत. १९७९ च्या उन्हाळ्यात नळ दिवसाआड येत होता. १६ मेच्या पानावर लिहिले आहे : रात्री वळवाचा जोरदार पाऊस, गटार तुंबले. १७ मे : नळास गढूळ पाणी, वास येतो, तुरटी फिरवली. मावशीचे डोळे पिवळे दिसल्याची नोंद २७ जूनची आहे. मी बोटांवर मोजले. एकेचाळीस दिवस.

हा पुरावा आहे असे मी म्हणणार नाही. दिल्लीच्या रुग्णांचे रक्त कोणीतरी जपून ठेवले, म्हणून पंचवीस वर्षांनी त्याची साक्ष निघाली. मावशीचे रक्त कोणी ठेवले नव्हते. पण तिचे वय, महिना, नऊ दिवस, गल्लीतले बाकीचे रुग्ण आणि हे एकेचाळीस दिवस एका ओळीत ठेवले, तर माझ्या खतावणीपुरता आकडा जुळतो. भजी तिने खाल्ली २३ जूनला. रोग तिच्या पोटात त्याआधी महिनाभर येऊन बसला होता.

आजी हे ऐकायला नव्हती. म्हणून मी आईला सांगितले. आई त्या उन्हाळ्यात बहिणीच्या मदतीला आजोळी राहिली होती. शाळा सुरू झाली तेव्हा मी वडिलांबरोबर परतलो, ती मागे थांबली. मला वाटले होते, तिचे मन हलके होईल. तिने सगळे शांतपणे ऐकले. रोजनिशीचे पान हातात घेऊन वाचले. मग म्हणाली, “त्या दिवसांत पाणी मीच भरत होते रे. तिला वाकवत नव्हतं म्हणून.”

मी म्हणालो, “आई, पाणी तू भरलंस, पण नळ तू टाकला नव्हतास.” ती काही बोलली नाही. एका बाईच्या माथ्यावरचा दोष काढायला गेलो आणि तो दुसरीच्या माथ्यावर ठेवून आलो की काय, असे मला त्या रात्री वाटत राहिले. काविळीचा दोष घरातच शोधायची सवय इतकी जुनी आहे की पुरावा दाराबाहेर बोट दाखवत असला तरी तो दोष उंबरठा ओलांडत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आईने आपणहून कांदे चिरायला घेतले. भजी झाली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली, तिनेही दोन खाल्ली. कोणी काही बोलले नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आता मी आजोबांसारखाच नळाची वेळ लिहितो. पाणी गढूळ आले तर त्या तारखेभोवती लाल गोल करतो आणि लेखी तक्रार देऊन पोच घेतो. पुढचे सहा आठवडे आमच्या गल्लीत कोण पिवळे पडते, त्यावर लक्ष ठेवतो.